प्रार्थनेतली भाकर

हात जोडले की मूठ सुटते, असं आपल्यात बोललं जातं. प्रार्थना करणारा माणूस विद्रोह करू शकत नाही, म्हणून प्रार्थनेची कविता दलित कविता होऊ शकत नाही, असा या वाक्याचा पुढचा हिशोब. याच हिशोबानं मागं आपल्याकडं आलेली एक कविता बाद झाली. पोरगा चिखलीजवळच्या खेड्यातला, मांगवाड्यातला, घर ख्रिस्ती. कवितेत पहाटेची प्रार्थना होती, विझलेली चूल होती आणि मालकानं बुडवलेली आठ दिवसांची मजुरी होती. बैठकीत शेरा पडला : भक्तिगीत. कागद घडी होऊन खाली गेला.

कविता चांगली की वाईट ते घडीभर सोडा. (शेवटच्या चार ओळी ढिल्याच होत्या.) प्रश्न असा की ज्या प्रार्थनेवर ती उभी होती, ती प्रार्थना आपल्यापैकी कितीजणांनी वाचली आहे? न वाचता शेरा मारणं हे काम सदाशिवपेठी समीक्षकांनी आपल्या पुस्तकांच्या बाबतीत पुष्कळ केलं. तेच आपण ख्रिस्ती मांगाच्या, ख्रिस्ती महाराच्या बाबतीत करायचं असेल तर मग आपला वेगळा अंक काढायचा खटाटोप कशाला?

मी ख्रिस्ती नाही. माझ्या आज्यानं बाबासाहेबांच्या मागं दीक्षा घेतली, घरात भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध. समीक्षा मला कुण्या प्राध्यापकानं शिकवली नाही. रेच्यात कापूस टाकला की रुई एकीकडं आणि सरकी एकीकडं पडते, एवढं रोज पाहतो. तसंच काहीतरी या प्रार्थनेचं करून पाहायचं आहे. तिच्यात रुई किती, सरकी किती, आणि नुसता कचरा किती.

येशूनं शिष्यांना शिकवलेली प्रार्थना मत्तयाच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि थोडी आखूड होऊन लूकच्या अकराव्यात. म्हणायला मिनिटभर लागत नाही. जगातले ख्रिस्ती, मग ते रोमन कॅथलिक असोत की प्रॉटेस्टंट, हीच रोज म्हणतात. तिच्यात आधी देवाचं नाव, त्याचं राज्य, त्याची इच्छा. मग एकदम पोटाची गोष्ट. रोजची भाकर दे.

इथं मराठी भाषांतरात जो शब्द पडला आहे त्याच्यापाशी मी थांबलो. मूळ ग्रीकमध्ये गव्हाची किंवा जवाची रोटी असेल. मराठीत ‘अन्न’ लिहिता आलं असतं. ‘पोळी’ लिहिता आली असती. पंडित हाताशी होते, संस्कृत शब्दांना तोटा नव्हता. पण छापली गेली ती भाकर. भाकर म्हणजे ज्वारीची, हातावर थापलेली, कोरड्यासासंगं खायची, नसलं तर मिठासंगं. महाराष्ट्रात ज्या शब्दाला कुणब्याचा आणि महार-मांगाचा वास येतो तो शब्द देवाच्या दारात जाऊन बसला. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात साऱ्या विश्वासाठी मागणं आहे, ज्याला जे हवं ते त्याला मिळो असंही आहे, पण भाकरीचं नाव काढलेलं नाही. पोट भरलेला माणूस मोघम मागू शकतो. उपाशी माणूस नाव घेऊन मागतो.

दुसरा शब्द ‘रोजची’. याच्यासाठी ग्रीकमध्ये जो शब्द आहे तो या प्रार्थनेबाहेर जवळजवळ कुठं सापडतच नाही, म्हणून त्याच्या अर्थावर विद्वानांचा जुना वाद आहे. कुणी म्हणतं आजची, कुणी म्हणतं गरजेपुरती, कुणी म्हणतं येणाऱ्या दिवसाची. पुस्तकं भरली आहेत या वादानं. रोजंदारीवाल्याला यात वाद दिसणार नाही. संध्याकाळी मजुरी हातात पडली तरच उद्या सकाळी पीठ. आजची आणि उद्याची भाकर त्याच्या घरी एकच असते. महिन्याच्या पगारावर जगणाऱ्यानं ‘रोजची’ म्हणणं आणि चौकात सकाळी सातला कुणी बोलावतंय का म्हणून उभं राहणाऱ्यानं म्हणणं, या दोन वेगळ्या प्रार्थना आहेत. शब्द तेच.

आणि येशूच्या डोक्यात मजुरांचा चौक होता, हे मी माझ्या मनचं सांगत नाही. मत्तयाचा विसावा अध्याय उघडा. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जाऊन मजूर ठरवतो, मग नऊच्या सुमाराला, बाराला, तीनला, आणि दिवस बुडायला तासभर राहिला असता पाचला पुन्हा जातो. तिथं अजून माणसं उभी. रिकामे का उभे असं विचारतो, तर ते म्हणतात की आम्हाला कुणी कामावर घेतलंच नाही. मालक त्यांनाही दिवसाची पुरी मजुरी देतो, एक दीनार. सकाळपासून राबलेले कुरकुरतात. पाळक लोक या गोष्टीचा अर्थ देवाची कृपा असा सांगतात. असेल. पण भाकर काही तासावर लागत नाही, ज्याला काम मिळालं नाही त्याच्याही लेकरांना तेवढीच लागते, हा साधा अर्थ आधी आहे. चिखलीच्या चौकात दुपारपर्यंत उभं राहून माघारी फिरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तो कुण्या पाळकानं समजावून द्यावा लागत नाही.

आता आपला खरा आक्षेप. भाकर मागणं. याच्यावर आपलं रक्त तापतं आणि तापायलाच पाहिजे. महाराची बाई सणावारी टोपलं घेऊन गावात भाकर मागायला फिरायची. वरून टाकलेली, शिळी, बुरसटलेली. बलुतं म्हणजे हक्क म्हणायचे, पण घ्यायचा तो पदर पसरून. दया पवारांनी १९७८ साली पुस्तकाला नाव दिलं तेच ‘बलुतं’. बाबासाहेबांनी १९२७च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत मेलेल्या ढोराचं मांस आणि शिळे तुकडे सोडा म्हणून सांगितलं. एवढं झाल्यावर आम्ही परत हात पसरायचा, फक्त पाटलाच्या दारी नाही, आभाळाकडं? हा सवाल खोटा नाही.

पण मजकूर बघा. प्रार्थनेत ‘माझी’ भाकर नाही. ‘आमची’ आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘मी’ हा शब्दच नाही. बाप आमचा, भाकर आमची, ऋणं आमची, मोहात पडणारे आम्ही. एकट्यानं दार लावून म्हटली तरी ती अनेकवचनातच म्हणावी लागते. आपली त्रिशरण-पंचशीलाची वंदना घ्या : ‘गच्छामि’ हे एकवचन आहे. शरण जाणारा एकेकटा जातो, संघ हा ज्याला शरण जायचं त्या तिघांतला एक. यात कमीजास्त मोजायचं नाही. आपल्या वंदनेत मागणंच नाही, आणि त्यातच तिची ताठ मान आहे. पण ज्या प्रार्थनेत मागणं आहे तिनं ते अनेकवचनात ठेवलं, ही मोठी चतुराई आहे. टोपलं घेऊन दारोदार फिरणारी बाई एकटी असते. सगळ्यांनी मिळून भाकरीचं नाव घेतलं की तो भिकेचा सूर राहत नाही, मागणीपत्राचा होतो. गिरणगावातल्या संपकऱ्यांना हा फरक सांगायला नको.

मी एक गोष्ट पाहिली आहे. आमच्या वस्तीच्या टोकाला एक ख्रिस्ती म्हातारी राहते. मत्तयात येशू सांगतो की प्रार्थना करायची तर चौकात उभं राहून लोकांना दाखवू नका, आतल्या खोलीत जा, दार लावा. आता एका खोलीच्या घरात आतली खोली आणायची कुठून? मधी टिनाचा पत्रा. तिची प्रार्थना शेजारच्या तीन घरांत ऐकू जाते. छापील प्रार्थना झाली की ती आपल्या बोलीत पुढं चालू ठेवते : ‘देवा, आज चूल पेटली पायजे. माहीच नाई, पल्याडच्या घरची बी. तिचा मानूस दोन दिसापासून कामावर नाई.’ पल्याडच्या घरचे काही ख्रिस्ती नाहीत. पण ऐकतात. त्यानंतर भाकर या घरातून त्या घरात जाते की नाही हे त्या पत्र्याआडच्या माणसांना पक्कं माहीत असतं. अशी ऐकू जाणारी प्रार्थना माणसाला बांधून टाकते. देवानं नाही केलं तर तुला करावं लागेल, सगळ्यांनी ऐकलंय.

भाकरीच्या लागलीच मागं ऋण येतं. मत्तयाच्या मराठीत ‘ऋण’ हाच शब्द आहे, आणि ग्रीकमध्येही कर्जाचाच शब्द आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडलं तसं आमचं ऋण सोड. लोकांच्या तोंडी पुढं कुठं कुठं ‘अपराध’ आला, ‘पाप’ आलं. कर्ज गेलं आणि पाप आलं की सावकार सुटला. पाप मनातलं, त्याला आकडा नाही, व्याज नाही, जप्ती नाही. ज्या बुलढाणा जिल्ह्यात कापूस-सोयाबीनच्या कर्जापायी शेतकरी फास लावून घेतो, जिथं बायकांच्या दारी दर आठवड्याला फायनान्स कंपनीचा माणूस हप्त्यासाठी बसून राहतो, तिथं ‘ऋण’ शब्द मोठ्यानं म्हटला तर भिंती हलतील. १८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांत कुणब्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. त्याच नगर जिल्ह्यात अमेरिकन मिशनची सर्वांत मोठी मंडळी उभी राहत होती. रोखे जाळणारे आणि प्रार्थना म्हणणारे एकमेकांच्या शेजारच्या गावांत राहत होते.

हे झालं प्रार्थनेचं. पण ख्रिस्ती जगण्याचा दुसरा पाय म्हणजे सहवास. मराठी बायबलात त्याला सहवास म्हणतात, सहभागिता म्हणतात. आणि चर्चला शब्द घेतला ‘मंडळी’. हा शब्द मला फार आवडतो. मंडळी म्हणजे घरची माणसं, कीर्तनातली माणसं, नाटकवाल्यांचा जथा. इमारत नव्हे. प्रेषितांच्या कृत्यांत पहिल्या मंडळीचं वर्णन आहे : शिकवण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना, या चार गोष्टी एकत्र चालायच्या, जमिनी विकून ज्याला जसं लागेल तसं वाटायचे. हे वर्णन सगळे पाळक वाचून दाखवतात. सहावा अध्याय मात्र घाईनं उरकतात. त्यात काय आहे? रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी तक्रार उठली. येशूला जाऊन फार काळ लोटला नव्हता, आणि भाकरीच्या वाटपात भेद सुरू. भाषेवरून, गटावरून. मग प्रेषितांनी काय केलं? प्रवचन दिलं नाही, बंधुभावानं वागा म्हणून पाठ थोपटली नाही. सात माणसं निवडून वाटपाचा कारभार त्यांच्या हाती दिला. त्या सातांची नावं दिली आहेत, आणि सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांच्या बाजूच्या माणसांच्या हाती टोपली दिली. आम्ही याला प्रतिनिधित्व म्हणतो, त्यासाठी बाबासाहेबांना गोलमेज परिषदेपर्यंत जावं लागलं.

करिंथकरांस पहिल्या पत्रातला अकरावा अध्यायही असाच. प्रभुभोजनाला जमले की काही लोक आधीच येऊन खाऊन-पिऊन तर्र, आणि दमूनभागून मागून आलेला गरीब उपाशी. पौल चिडतो. एकमेकांसाठी थांबा, असं सांगतो. अध्यात्माच्या पुस्तकात ‘थांबा, तो कामावरून यायचाय’ एवढा साधा हुकूम मी दुसरीकडं वाचला नाही.

याच मापानं महाराष्ट्रातल्या मंडळ्या मोजायच्या. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत आलं १८१३ला, नगरला १८३१ला. आधी थोडे ब्राह्मण आले, पुढं महार मोठ्या संख्येनं आले, मांग आले. १८७६-७७च्या दुष्काळात आणि त्यानंतर तर लोंढा लागला. गावानं टोमणा मारला, भाकरीसाठी बाटले. हा टोमणा अजून जिवंत आहे. याला उत्तर द्यायला पाळक संकोचतात, आत्म्याच्या गोष्टी करायला लागतात. संकोच कशाचा? ज्या धर्माच्या रोजच्या प्रार्थनेत भाकर आहे त्या धर्मात माणूस भाकरीसाठी गेला तर तो त्या प्रार्थनेला धरूनच गेला. आणि उपाशी ठेवणाऱ्या धर्मात राहणं हे काय मोठं आध्यात्मिक काम होतं? १९३६ साली गांधीजींनी जॉन मॉट या मिशनरी पुढाऱ्याशी बोलताना अस्पृश्यांच्या धर्म समजून घेण्याच्या ताकदीची तुलना गायीशी केली. गायीला काय उपदेश करणार, असा सूर. गायीला भाकर देतात, तिच्याबरोबर बसून खात नाहीत, हा मुद्दा त्या बोलण्यात आलाच नाही.

पण मंडळीत तरी बसून खाल्लं का? बाबासाहेबांनी याचा हिशोब मागितला. त्यांच्या इंग्रजी लेखनाचा पाचवा खंड १९८९ला निघाला, त्यात धर्मांतरितांच्या स्थितीवरचं लिखाण आहे. ब्राह्मण ख्रिस्ती वेगळे, मराठा ख्रिस्ती वेगळे, महार ख्रिस्ती, मांग ख्रिस्ती वेगळे, रोटी नाही, बेटी नाही, असं ते स्वच्छ लिहितात. १९३८ साली सोलापुरात ख्रिस्ती लोकांपुढं बोलताना त्यांनी बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांनी आपल्याला ओढलं असं सांगितलं, आणि त्याच भाषणात ख्रिस्ती समाजाची कानउघाडणीही केली. म्हणजे प्रार्थनेशी त्यांचं भांडण नव्हतं. भांडण पंगतीशी होतं.

आता साहित्याकडं येतो. मराठी ख्रिस्ती भजन म्हटलं की नारायण वामन टिळक. चित्पावन घरातला माणूस, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा. तुकोबाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडं आलो असं ते सांगत. मराठी ख्रिस्ती उपासनेत परदेशी चालींची सद्दी होती, तिथं त्यांनी अभंग आणि ओवी आणली, त्यांच्या भजनांनी मंडळीला तोंड दिलं. हे ऋण मोठं आहे. पण त्यांच्या भजनांतला आवाज बहुतेक ‘मी’चा आहे. मी आणि माझा ख्रिस्त, मी आणि माझी माउली. विरह आहे, लाड आहे, लोटांगण आहे. सगळं गोड आहे. प्रार्थनेतलं ‘आम्ही’ वारकरी ‘मी’त विरघळून गेलं, आणि भाकर आत्म्याची झाली. नगरकडच्या ख्रिस्ती महारानं हीच भजनं शंभर वर्षं गायली, टाळ कुटले, पण त्यात त्याची चूल कुठं होती? टिळकांचा यात दोष किती आणि मागून आलेल्या नकलाकारांचा किती, हे वेगळं करायला पाहिजे. कारण माणूस स्वतः स्वस्थ बसला नाही. १९१७ला त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ काढला, बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही ज्यात येतील असा. मंडळीचं कुंपण त्यांना टोचत होतं. दोन वर्षांत ते गेले, दरबार मोडला. भजनं उरली.

मला टिळकांपेक्षा लक्ष्मीबाई मोठ्या लेखिका वाटतात, आणि या विषयात तर निश्चितच. ‘स्मृतिचित्रे’ आपल्या पोरांनी वाचावं. नवरा ख्रिस्ती झाल्यावर ही बाई त्याच्याजवळ येऊन राहिली तरी चूल वेगळी, पाणी वेगळं. सोवळं सोडवेना. मग एका टप्प्यावर स्वतःशीच विचार करून तिनं जात टाकली, कुणाच्याही हातचं खायचं ठरवलं. बाप्तिस्मा घेतला तो त्यानंतर, १९००त. आधी दुसऱ्याच्या हातची भाकर, मग प्रार्थना. हा क्रम मला बरोबर वाटतो. ज्यांनी उलटा क्रम धरला, म्हणजे आधी प्रार्थना आणि जेवायचं मागं बघू, त्यांची पंगत अजून लागायची आहे.

तिसरं नाव पंडिता रमाबाई. केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १८९६-९७च्या आणि १९००च्या दुष्काळांतून उचलून आणलेल्या शेकडो पोरी, विधवा. त्या विणत होत्या, घाणा चालवत होत्या, छापखाना चालवत होत्या. रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना कळेल असं केलेलं मराठी बायबल त्याच बायकांनी जुळवलं, छापलं. पूर्ण छापून निघालं १९२४ला, तेव्हा रमाबाई जाऊन दोन वर्षं झाली होती. १९०५ साली तिथं जे प्रार्थनेचं वेड उसळलं त्याची जगभर बातमी झाली. शेकडो जणी एकाच वेळी मोठमोठ्यानं प्रार्थना करायच्या, रडायच्या, ओरडायच्या. सभ्य माणसं बिथरली. मराठी वाङ्मयाच्या इतिहासात टिळकांच्या अभंगाला पानं आहेत, मुक्तीच्या त्या गोंगाटाला ओळ नाही. का नाही? कारण तो छंदात बसत नव्हता. दुष्काळात आई-बाप मेलेल्या पोरींचा आवाज तो. १९७२ला ‘गोलपिठा’ आला तेव्हाही सभ्य माणसं अशीच बिथरली होती.

इकडं वऱ्हाडात अलायन्स मिशन आलं. अकोला हे केंद्र, खामगाव, मलकापूर, बुलढाणा इथं ठाणी. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे १८९९-१९००ला, त्यांनी पोरं सांभाळली, अनाथालयं चालवली. नगरसारखी मोठी वस्ती इकडं झाली नाही. घाटावरच्या आमच्या तालुक्यात ख्रिस्ती घरं विखुरलेली, बोटावर मोजावी अशी. त्यामुळं इथली प्रार्थना देवळात कमी, घरात जास्त. आठवड्यातून एका संध्याकाळी कुणाच्या तरी ओट्यावर सतरंजी, एक ढोलकी, साक्ष द्यायची, आजाऱ्यावर हात ठेवायचा, शेवटी काळा चहा. पाळकाचं प्रवचन मला सहसा कंटाळवाणं वाटतं. साक्ष मात्र ऐकण्यासारखी असते. निरक्षर बाई उभी राहून आपली आठ दिवसांची हकिकत सांगते : दारू पिऊन नवऱ्यानं काय केलं, दवाखान्यात किती लागले, कुणी उसने दिले. ही आत्मकथाच आहे, रोज थोडी थोडी सांगितलेली. आपल्या दलित आत्मकथनांनी छापून जे केलं ते ही बाई तोंडी करते, आणि ऐकणारे वीस जण त्या आठवड्यात तिच्याकडं वेगळ्या नजरेनं बघतात. फक्त शेवटी सगळं ‘प्रभूनं केलं’ म्हणून गाठ मारून टाकायची सवय आहे. उसने पैसे शेजारणीनं दिले होते ना? तिचं नाव घ्या की. प्रभूला राग येणार नाही.

आणि या सतरंजीवर बसण्याची किंमत सरकार वसूल करतं, हे आपल्या कितीजणांना ठाऊक? अनुसूचित जातींचा १९५०चा आदेश फक्त हिंदूंसाठी होता. १९५६ला शिखांना घेतलं, १९९०ला आपल्याला, बौद्धांना. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर. रंगनाथ मिश्र आयोगानं २००७ला ही धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, तो अहवाल पडून राहिला. २०२२ला बालकृष्णन आयोग नेमला. २०२४च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानं पुदुच्चेरीच्या एका बाईचा अनुसूचित जातीचा दावा फेटाळला, कारण तिचा बाप्तिस्मा झालेला आणि ती नियमित चर्चला जाते. नियमित चर्चला जाते! म्हणजे रोजची प्रार्थना हाच विरुद्ध पुरावा. मांगवाड्यातला मांग प्रार्थना करायला लागला तर गावाच्या लेखी मांगच राहतो, विहिरीवरची नजर तीच, आणि कागदाच्या लेखी मांग राहत नाही. मग घरोघरी काय होतं? दाखल्यावर हिंदू, ओट्यावर ख्रिस्ती. पोरगा कविता पाठवतो तेव्हा नाव कोणतं लिहावं याचा दहादा विचार करतो. अशा माणसाच्या प्रार्थनेला आपण पळपुटी म्हणायचं? सवलत घालवून, नोकरी घालवून जो हात जोडतो त्याचा हात ढिला असेल, पण भित्रा नाही. आपल्याला १९९०ला मिळालं, आपण गप्प बसलो.

म्हणून या कवितांकडं बघायची माझी रीत अशी. प्रार्थना आहे म्हणून बाद नाही, आणि प्रार्थना आहे म्हणून पासही नाही. पहिल्यांदा सर्वनाम बघायचं : ‘मी’ आहे की ‘आम्ही’, आणि त्या ‘आम्ही’त महार-मांग-भंगी एका ताटाला बसतात का. मग भाकर खरी आहे की आत्म्याची. ख्रिस्ती मासिकांत ज्या कविता छापून येतात त्यांत पहाट असते, पाखरं असतात, वधस्तंभ असतो, अश्रू तर धो धो. वधस्तंभाचं लाकूड कुणी वाहून आणलं, त्याला मजुरी मिळाली का, हे विचारलेलं नसतं. याकोबाच्या पत्रात, पाचव्या अध्यायात, शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते असं आहे. अनुवादात म्हटलंय, दिवस मावळायच्या आत मजुराचे पैसे द्या, तो गरीब आहे, त्याचा जीव त्यात अडकलेला असतो. एवढा ऐवज घरात पडलेला असताना ख्रिस्ती कवीनं पाखरं कशाला उसनी आणायची?

त्या पोरानं बुडालेली मजुरी प्रार्थनेत आणली हे त्याचं बरोबर. ढिल्या पडलेल्या चार ओळींत त्यानं मालकाला एकट्यानंच क्षमा करून टाकली, तिथं तो प्रार्थनेलाही सोडून गेला. प्रार्थनेत ऋण सोडणारे ‘आम्ही’ आहेत, आणि ज्याचं येणं आहे तोच सोडू शकतो. आठ दिवसांचे पैसे त्याच्या बापाचे होते, आणि बापाबरोबर राबलेल्या चार बायकांचे. त्यांना विचारलं का? त्यानं त्या ओळी काढून तिथं आकडा लिहावा. रोजचा दर, दिवस, माणसं, आणि बेरीज.